एक पुरणपोळी म्हणजे तीनशे ग्रॅम टीएनटी

होळीच्या दिवशी आमच्या हिनं पानात पुरणपोळी वाढली. अत्तारसाहेबांनी ती बोटानं हलकेच दाबून पाहिली आणि म्हणाले, "वहिनी, ही तीनशे ग्रॅम टीएनटी आहे."

ही दोन पावलं मागं सरली.

"घाबरू नका. दोन्हींत उष्णता तेवढीच. फरक फक्त घाईचा. बॉम्बला घाई असते, पोळीला नसते." एवढं सांगून त्यांनी त्या स्फोटकावर तुपाची धार मागितली.

मुनीर अत्तार म्हणजे वारज्यातलं आमच्या समोरचं दार. सगळी नोकरी दारूगोळ्याच्या प्रयोगशाळेत गेली. स्फोटातून किती ऊर्जा निघाली ते मोजायचं, हे काम. मध्येच केव्हातरी कॅलरी, बीटीयू ही जुनी मापं मोडीत निघाली आणि ज्यूल आला. अत्तारसाहेबांनी त्याला कचेरीत बसू दिलं, घरात घेतलं नाही. "ज्यूल कुणी पाहिलाय?" ते विचारत. "कॅलरी कशी, एक ग्रॅम पाणी एक अंश तापलं की झाली. हात घातला की कळतं."

सकाळी माझं वर्तमानपत्र माझ्याआधी तेच वाचत. कुठल्याशा देशानं किलोटनभर स्फोट केल्याची बातमी आली की डोळे मिटून हिशेब सुरू. "एक किलोटन. म्हणजे आंघोळीच्या गरम पाण्याच्या तेहतीस लाख बादल्या. अहो, सगळं पुणं न्हाऊन निघालं असतं, वर पिंपरीला उरलं असतं."

"आणि पाणी कुठून आणणार?" आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी विचारत. "इथं दिवसाआड येतं."

"ते खातं माझं नाही," अत्तारसाहेब पान उलटत.

या माणसाला जगात एकच तोडीस तोड होता, त्यांचा धाकटा भाऊ यूसुफ. राहायला बुधवार पेठेत, कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचा आणि ज्यूलच्या पक्षाचा कडवा कार्यकर्ता होता. दर रविवारी तो बसनं वारज्याला यायचा, ते केवळ भांडायला. एरवी दोघं एकमेकांशी घरच्या दखनी उर्दूत बोलत. भांडण मात्र मराठीत. पुण्यात भांडायला तीच भाषा सोयीची. मी दार उघडं टाकून आरामखुर्चीत बसायचो. असा फुकटचा खेळ नाट्यगृहात मिळत नाही.

हा खेळ बंद पडला तो अत्तारसाहेबांच्या मुलीच्या लग्नात. स्वारगेटजवळच्या कार्यालयात जेवणं चालली होती. व्याही, चार शेजारी, अशा भरल्या टेबलापाशी अत्तारसाहेब रंगात आले. गुलाबजाम चमच्यावर धरून म्हणाले, "यात कॅलरी दीडशे. टीएनटीच्या एका ग्रॅममध्ये हजार. तेव्हा व्याहीबुवा, बिनधास्त खा. हा काही उडायचा नाही."

मागून यूसुफ ताट घेऊन चालला होता. तो थबकला. "भाई, जराशी चूक झाली. हजार पटीची. खाण्यातली कॅलरी मोठी असते, तुमच्या हजार छोट्या कॅलरी तिच्या पोटात बसतात. एका गुलाबजामात दीडशे ग्रॅम टीएनटी आहे. म्हणून म्हणतो, ज्यूल धरा. त्यात लहान-मोठं नाही."

टेबल हसलं. व्याही हसले, मीही हसलो. अत्तारसाहेबांचा चेहरा मात्र पांढरा पडला. ज्या विषयात हयात घातली त्यात, आणि नव्या सोयऱ्यांसमोर.

"माझ्या मुलीच्या लग्नात मला शिकवतोस?" ते ओरडले. "चालता हो."

यूसुफनं ताट एका खुर्चीवर ठेवलं. त्यात अर्धा गुलाबजाम होता. तो गेला, आणि रविवारची बस त्यानं सोडली.

गंमत पाहा. होळीचा तो पुरणपोळीचा हिशेब त्यानंतरचा. धाकट्यानं दुरुस्त केलेलं गणित थोरला घरोघर वाटत फिरत होता. रविवारी मात्र ते कुणालाच काही पटवून द्यायला जायचे नाहीत. एकदा मी म्हटलं, "अहो, एक फोन करा की."

"करीन," ते म्हणाले. "घाई काय आहे?"

यूसुफला अर्धांगाचा झटका आला आणि वाचा गेली, हे पुतण्यानं फोनवर कळवलं. दुसऱ्या दिवशी अत्तारसाहेब थर्मास घेऊन माझ्या दारात उभे. "स्कूटर काढता?" एवढंच.

इस्पितळात यूसुफ उशीला टेकवून बसवलेला होता. पातळ द्यायला डॉक्टरांची परवानगी होती. त्यानं भावाकडं पाहिलं. ओळखलं असावं, पण चेहऱ्यावरून सांगता येईना. अत्तारसाहेबांनी वाटीत सूप ओतलं, चमचा भरला आणि मराठीत म्हणाले,

"यूसुफ, या वाटीत दोनशे कॅलरी आहेत. छोट्या. अगदी छोट्या."

मी चमकलो. एव्हाना हजार पटीची ती चूक माझ्यासारख्यालाही पाठ झाली होती. त्यांच्याकडून ती चुकून होणं शक्य नव्हतं.

चमचा तसाच हवेत होता. ते यूसुफच्या ओठांकडं बघत थांबले होते.

"छोट्याच ना?" त्यांनी पुन्हा विचारलं. "की चुकतंय माझं?"

ओठ हलले नाहीत. बाहेर कुणीतरी स्ट्रेचर ढकलत गेलं. वाटीतली वाफ विरत आली.

मग अत्तारसाहेब त्याच्या कानाशी वाकले, अगदी हळू म्हणाले, "आठशे सदतीस किलोज्यूल," आणि त्यांनी चमच्यावर फुंकर घातली.