उणे खोलीचा रोटर

नोंदणी नसलेलं इंजिन सुरू करता येत नाही, आणि सुरू न झालेल्या इंजिनाची नोंदणी होत नाही. हा नियम संभाजीनगरच्या यंत्र-नोंदणी कक्षात टेबलावरच्या काचेखाली ठेवलेला होता, आणि चहाचा कप त्यावरच ठेवायची तिथली पद्धत होती.

मंजुळा त्या टेबलासमोर उभी होती. तिचे वडील मल्हारराव एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाले आणि त्यांनी लासूर स्टेशनच्या शेतात, कांद्याच्या चाळीला लागून, एक विमान बांधायला घेतलं. एका माणसापुरतं. पंख बसले, पंखा बसला, भंगारातल्या जपानी गाडीचं इंजिन उघडून त्यात नवे सील बसले. आणि इंजिन पहिल्यांदा सुरू करायच्या आठवड्यात मल्हारराव गेले. मुलीला त्यांनी फार पूर्वीच विमान शिकायला घातलं होतं. आता तिला एवढंच हवं होतं, की ते विमान एकदा तरी जमिनीवरून उचललं जावं.

"इंजिन कसलंय?" कारकून बद्रीनाथ यांनी विचारलं.

"विमानाचं."

"उडालंय का?"

"अजून सुरूच केलेलं नाही."

"मग विमान कसं म्हणता, मॅडम? उडालं की विमान. तोवर सामान. पिस्टन किती?"

"एकही नाही. आत तिकोनी रोटर फिरतो."

बद्रीनाथांचा चेहरा उजळला. "रोटर! मग मघापासून विमान-विमान काय लावलंय? रोटरचा रकाना आहे की आपल्याकडं."

ट्रॅक्टरमागे लावून ढेकळं फोडायच्या अवजाराला अख्खा मराठवाडा रोटर म्हणतो. अवजारांना काचेखालचा नियम लागत नव्हता. शेती अवजारे या सदरात नोंद झाली, शिक्का उमटला.

"अहो, पण ते..."

"सुरू करायचंय ना? करा बिनधास्त. इथं सही."

मंजुळानं सही केली. सुरू करायचंच होतं.

नव्या सीलांचं इंजिन लगेच पळवायचं नसतं. आधी कमी-जास्त वेगात फिरवून, मग हळूहळू ओझं देऊन रुळवायचं असतं. मंजुळानं ते सुरू केलं तेव्हा चाळीतले कांदे थरथरले, शेजारच्या कोंबड्या गंगापूरच्या दिशेनं निघून गेल्या, आणि तापमानाचा काटा चढू लागला. तिनं बंद केलं. पाणी पाहिलं, नळ्या पाहिल्या, पंप पाहिला. सगळं ठीक होतं. पुन्हा सुरू केलं. काटा पुन्हा चढला.

शेजारच्या शेतातल्या साळूबाई बांधावर येऊन उभ्या होत्या. मल्हाररावांना त्या भाऊ म्हणायच्या.

"मंजुळे, ह्यो तापतोय का असा?"

"आत्या, पाण्यात हवा अडकलीय. नाक वर केलं तर निघेल."

"मग कर की वर."

"शेपटीवर कुणीतरी बसायला हवं."

साळूबाईंनी पदर खोचला आणि त्या बसल्या. त्यांचं वजन विमानशास्त्राला पुरेसं होतं. नाक आभाळाकडे गेलं, टाकीतून गुडगुड करत भलेमोठे बुडबुडे आले.

"अगं बया, ढेकर देतंय की!" साळूबाई शेपटीवरून ओरडल्या. "भावानं उपाशी ठेवलं व्हतं का ह्याला?"

मंजुळा बऱ्याच दिवसांनी हसली. काटा जागेवर आला.

दुसऱ्या दिवशी बद्रीनाथ तपासणीला आले. त्यांनी पट्टी काढून जमिनीत खुपसली. ती शिरली नाही.

"मशागतीची खोली शून्य. चालू रोटर, आणि रान ठणठणीत? सोमवारी येतो. खोली दिसली नाय, तर यंत्र निकामी. भंगारात."

"भाऊसाहेब, हे विमान आहे! पंख दिसत नाहीत का?"

"दिसतात ना. पण सही रोटरवर कुणी केली? मॅडम, शिकलेल्या माणसानं निदान सहीची लाज धरावी."

मंजुळा चाळीपाशी येऊन बसली. साळूबाईंनी शांतपणे विचारलं, "ह्याला ओझं पायजे म्हणत व्हतीस ना?" आणि त्या आपला जुना वखर ओढत घेऊन आल्या.

वखर साखळीनं शेपटीला बांधला. इंजिन सुरू झालं आणि साळूबाईंचा पदर थेट बाभळीवर गेला. विमान वखर ओढत रानातून निघालं. ढेकळं फुटली. अर्ध्या लासूरनं आपापल्या रानासाठी नंबर लावले. विमानाला एवढे पंख कशाला, हे कुणी विचारलं नाही. सावली बरी पडते, असं मात्र म्हणाले. आणि त्या ओझ्याखाली सील बसत गेले, काटा हलेना, आवाज एकसारखा झाला. इंजिन रुळलं.

सोमवारी बद्रीनाथ पंचांसह बांधावर उभे राहिले. मंजुळा आत बसली.

"आत्या, साखळी सोड!"

साखळी सुटली. मंजुळानं पहिल्यांदाच पूर्ण वेग दिला. चाकं रानावर आपटली, पुन्हा आपटली, आणि मग आपटलीच नाहीत. खाली रेल्वेचे रूळ आले, मग चाळी, मग बाभूळ, पदरासकट. आत जागा एकाचीच होती. तरी ती थोडी कडेला सरकून बसली होती.

खाली बद्रीनाथांनी पट्टी आभाळाकडे धरली. "किती असंल?"

"दोनशे फूट तरी," एक पंच म्हणाला.

"म्हणजे खोली उणे दोनशे." त्यांनी लिहिलं. "पुढचा प्रश्न. यंत्राचा जमिनीशी संपर्क सुटला काय?"

सगळे विचारात पडले. व्हय लिहिलं, तर रोटर बेपत्ता. मग चौकशी, जबाब, जप्ती, आणि लावलेले नंबर रद्द.

"नाय लिहा," साळूबाई वर बघतच म्हणाल्या.

बद्रीनाथांनी 'नाही' लिहिलं. पंचांनी एकमेकांच्या पाठीवर कागद ठेवून सह्या केल्या. सही करताना विमानाची सावली कागदावरून गेली, म्हणून जरा थांबले, आणि उजेड आल्यावर उरलेली सही पूर्ण केली. यंत्र उत्तम स्थितीत असल्याचा दाखला त्याच दिवशी मिळाला.

हसू नका. तुमच्या ओळखपत्रावरचा तो चेहरा तुमचाच आहे, असं तुम्हीही सही करून दिलेलंच आहे.