परकारचाचांचा थ्रीडी

सानपाड्याला आमच्या सोसायटीत परकारचाचांच्या घरी गेलं की पाण्याआधी माप घेतलं जाई. मोजपट्टी एका स्पीकरपासून पाहुण्याच्या नाकापर्यंत, मग दुसऱ्यापासून नाकापर्यंत. दोन्ही अंतरं जुळली की चाचा म्हणत, "आता हलू नका. श्वास चालेल."

चाचांची सगळी नोकरी बोटीवर झालेली. शेवटच्या फेरीत त्यांनी एक काळं खोकं आणलं. ते टेपडेकला जोडलं की दोनच स्पीकरांतून आवाज चारी बाजूंनी येतो, हा त्यांचा दावा. "थ्रीडी हाय भाऊ, थ्रीडी! आणि चष्मापण लागत नाय."

त्या खोक्यापायी सोफा बाल्कनीत गेला. खोलीच्या मधोमध उरली एक खुर्ची. गाणं चालू असताना पंखा बंद, आणि चाचींनी समोरून जायचं ते वाकून. "बोला, तबला कुठून आला?" चाचा विचारत. "मागून" म्हटलं की लगेच चहा. एकदा सेक्रेटरी म्हणाले, "स्वयंपाकघरातून." तो चाचींचा मिक्सर होता.

एका रविवारी मी खुर्चीत बसलो होतो. चाचा शेजारी उभे राहून हवेत बोट फिरवत होते. "बघा, सतार कशी गोल फिरते!"

सतार कुठेच फिरत नव्हती. ती नुसती उजवीकडे वाजत होती.

"चाचा, डावा स्पीकर बंद आहे."

बोट तसंच राहिलं. चाचा वाकले, मागची निघालेली वायर बसवली आणि तिथेच जमिनीवर टेकले.

"डावा कान गेला माझा. इंजिनरूमनं खाल्ला," ते हळूच म्हणाले. "खोक्यावर लिवलं होतं, चारी बाजूंनी ऐकू येतं. म्हटलं, आपल्याला दोन बाजूंनी तरी येईल."

चाचांनी ती वायर पुन्हा एकदा दाबून पाहिली.

"गाण्याचं काय नाय भाऊ. पण हिनं हाक मारली की कुठून मारली तेच कळत नाय. घरभर शोधत फिरतो."

तेवढ्यात चाचींची हाक आली, "अवो, ऐकलं का?"

चाचा लगबगीनं उठले आणि बाल्कनीकडे निघाले. चाची स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी पुन्हा हाक मारली नाही. ओले हात पदराला पुसत त्या बाल्कनीत गेल्या आणि चाचांच्या उजव्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या.