पार्श्वभूमी अपुरी, दृष्टी दिसत नाही

शिक्षण ही जन्मभर चालणारी गोष्ट आहे आणि शिकवणी ही साडेपाच ते साडेसहा चालणारी. या दोहोंमध्ये जी पोकळी राहते ती भरून काढण्यासाठी सुसंस्कृत समाजाने परिचयाची सोय केलेली आहे. शिक्षकाला काय येतं यापेक्षा शिक्षक कोण आहे हे कळणं महत्त्वाचं, कारण काय येतं ते तपासायचं तर आधी आपल्याला यावं लागतं.

गणिताच्या बाईंना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्या आपल्या बाहेरच्या खोलीत वर्षानुवर्षं निमूटपणे गणित शिकवत होत्या. खोलीत एक सतरंजी होती, एक फळा होता (त्याचा डावा कोपरा कपाटामागे गेलेला असल्यामुळे मोठे भागाकार त्यावर मावत नसत) आणि खिडकीपाशी बाईंचे यजमान होते. यजमान पंखे दुरुस्त करत. मुलं गणितं सोडवत, यजमान पंखे खोलत आणि बाई खुर्चीत बसून मटार सोलत. मूल वही घेऊन आलं की बाई वहीवर नजर टाकत आणि दोनपैकी एक वाक्य बोलत. बरोबर असेल तर "पुढचं कर." चूक असेल तर "परत कर." तिसरं वाक्य नव्हतं. (परीक्षेच्या आदल्या दिवशी "लवकर झोप" एवढं जादा मिळे.) इतक्या मागासलेल्या पद्धतीने शिकूनही मुलं पास होत. मुलांना दुसरं काही सुचत नसावं.

अशातच वसाहतीत पालक जागृती समिती स्थापन झाली. अध्यक्ष होते विमा कंपनीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ. त्यांना सगळे विमासाहेब म्हणत. न घडलेल्या गोष्टींची आधीपासून काळजी करायला लावणं हे त्यांनी आयुष्यभर पोटापाण्यासाठी केलं होतं. आता ते हौसेने करणार होते.

"आपण टोमॅटोसुद्धा दाबून बघून घेतो," पहिल्याच सभेत ते म्हणाले, "आणि मूल मात्र डोळे मिटून कुणाच्याही हवाली करतो!"

शिक्षक दाबून बघणं बरं दिसणार नाही असं एका सदस्याने सुचवल्यावर परिचयाचा ठराव एकमताने संमत झाला. प्रत्येक खासगी शिक्षकाने आपली 'पार्श्वभूमी' आणि 'अध्यापनदृष्टी' एका कागदावर लिहून द्यावी. पसंत पडलेले परिचय खाली फाटकाजवळच्या काचेच्या फलकात लागतील आणि पालक त्यातूनच निवड करतील.

बाईंनी लिहून दिलं : "बरीच वर्षं गणित शिकवते. चुकलं तर परत करायला लावते."

कागद लाल शाईचा शेरा घेऊन परत आला. "पार्श्वभूमी अपुरी. दृष्टी दिसत नाही."

बाई दुसऱ्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आल्या. चष्म्याचा नंबर होता तोच निघाला. तेव्हा कुठे हे प्रकरण काहीतरी वेगळं आहे हे त्यांच्या ध्यानात आलं.

तोवर फलक भरून वाहू लागला होता. विज्ञानाच्या सरांनी लिहिलं होतं, "मी मुलाला शिकवत नाही, मुलाच्या आतल्या प्रश्नाला बसायला पाट देतो." व्याकरणाच्या मॅडमनी क्रियापदाशी असलेलं आपलं बालपणापासूनचं नातं उलगडलं होतं आणि कर्त्याबद्दल मौन पाळलं होतं. इतिहासाच्या सरांची पार्श्वभूमी पणजोबांपासून सुरू होत होती. कागद संपला तेव्हा सर अजून जन्माला आलेले नव्हते. पण भाषा अशी ओघवती, की पालकांनी तिथेच प्रवेश निश्चित केले.

इकडे बाईंच्या खोलीत मुलं कमी होऊ लागली. हळूहळू सतरंजीचं नक्षीकाम दिसायला लागलं. त्यात मोर आहेत असा बाईंचा इतक्या वर्षांचा समज होता. त्या होड्या निघाल्या. शेवटी एक टिटवी तेवढी राहिली. टिटवी म्हणजे समोरच्या इमारतीतली सहावीतली मुलगी. तिचं तोंड झोपेतही बंद नसतं म्हणून घरच्यांनीच ते नाव पाडलं होतं. ती अपूर्णांकांत अडकली होती, पण न थकता परत करत होती आणि प्रत्येक चुकीवर स्वतःच हसत होती.

"अहो, काहीतरी करा," बाई यजमानांना म्हणाल्या. "एकट्या पोरीसाठी फळा पुसायचा म्हणजे जिवावर येतं."

यजमानांनी पात्यावरची धूळ पुसत विचार केला आणि बहिणीला बोलावून घेतलं.

बाईंची ही नणंद पाणीपुरवठा कार्यालयात होती. पाणी का आलं नाही, या तक्रारींना उत्तरं लिहिण्याचं काम तिच्याकडे होतं. तिचं उत्तर वाचून तहान भागल्याचं लोक सांगत. ती आली, तिने चष्मा पुसला आणि कागद पुढे ओढला.

"वहिनी, आधी तुमचा संघर्ष सांगा."

"कसला संघर्ष?"

"असतो हो प्रत्येकाला. लहानपणी घरात दिवा नव्हता, असं काही?"

"होता की. बाबा वीज मंडळात होते."

नणंदेने कपाळाला हात लावला. "बरं, गणितात नापास? एकदा तरी?"

"नाही बाई."

"सातवीत? सातवीत बरेच जण होतात."

"सातवीत शंभरपैकी शंभर होते."

"हळू बोला," नणंद दाराकडे बघत म्हणाली. "कुणाला कळलं तर?"

मग तिने बाईंना मटार सोलायला बसवलं आणि स्वतः लिहायला घेतलं. बाई सातवीत गणितात नापास झाल्या. आकड्यांनी त्यांच्याकडे पाठ फिरवली, आणि त्या पाठीवरच त्या पाढे लिहायला शिकल्या. "परत कर" या वाक्याचं 'आवर्तनात्मक आत्मशोध' झालं आणि "पुढचं कर" याचं 'क्षितिजविस्तार'. मटार हा 'हस्तव्यवसायातून एकाग्रतेचा वस्तुपाठ' ठरला. खिडकीपाशी बसलेले यजमान 'उद्योगजगताशी थेट संवाद' या सदरात गेले. (यजमानांनी ते दोनदा वाचलं आणि तेव्हापासून बनियनवर शर्ट घालायला सुरुवात केली.)

"पण हे खोटं आहे गं," बाई म्हणाल्या.

"वहिनी, पाणी येणार असं मी रोज लिहिते," नणंद शांतपणे म्हणाली. "लोकांना बरं वाटतं."

परिचय फलकात लागला आणि होड्या पुन्हा दिसेनाशा झाल्या. मुलांबरोबर पालकही आले. खोलीत जागा कमी पडल्यावर ते दारात, जिन्यात आणि कपाटावर हात टेकून उभे राहू लागले. एका मुलाचा गुणाकार चुकला. बाई म्हणाल्या, "परत कर." त्याच्या वडिलांनी शेजारच्याला कोपराने ढोसलं. "बघा, झाला सुरू!"

दुसऱ्या एका आईची मात्र तक्रार आली. "आमच्या बबड्याचं गणित पहिल्या फटक्यात बरोबर आलं. म्हणजे आत्मशोध झालाच नाही की हो! इतक्या लांबून आम्ही येतो ते कशासाठी?" बाईंनी बबड्याला एक अवघड गणित दिलं. तेही बरोबर आलं. दोन दिवसांत बबड्याला काढून घेतलं.

सगळ्यांत जास्त मागणी सातवीच्या नापासाला होती. "बाई, तो प्रसंग जरा सांगा ना, मुलांना प्रेरणा मिळते," असं म्हणून पालक मांडी ठोकून बसत. बाई सुरुवातीला दोन वाक्यांत आटपत. पण ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं की सांगणाऱ्यालाही चेव चढतो. बाईंच्या सातवीत आधी एक कठोर गुरुजी आले. मग गुरुजींना मिशा फुटल्या. पुढे त्या मिशा थरथरू लागल्या. एका दुपारी तर आपण खरंच नापास झालो होतो की काय, अशी शंका येऊन बाईंनी जुनं प्रगतिपुस्तक काढून पाहिलं. शंभरच होते. बाईंना जरा वाईट वाटलं.

या सगळ्यात गणित 'वेळ उरल्यास' या सदरात गेलं. समितीने पाहणी केली, तेव्हा परिचयाबाबत समाधानी असलेल्या पालकांचं प्रमाण शंभर टक्के भरलं. मुलांचं प्रमाण काढता आलं नाही, कारण टक्केवारी काढता येईल असं मूल शिल्लक नव्हतं.

टिटवी रोज वही घेऊन पुढे यायची. "बाई, छेद समान कसे करायचे?"

"आज नवीन पालक आलेत गं राणी. उद्या."

उद्याही नवीन पालक असायचे. टिटवी मग कपाटाजवळ बसून होड्यांना पेन्सिलीने वल्ही काढायची.

सहामाही झाली आणि टिटवी गणितात नापास झाली.

तिची आई तिला हाताला धरून घेऊन आली. आता ही चार शब्द सुनावणार, म्हणून बाई मान खाली घालून उभ्या राहिल्या. पण ती माउली आनंदाने फुलून आली होती.

"बाई, तुमचे उपकार कसे फेडू? झाली एकदाची नापास! आता पुढे हिला कुणी अपुरी म्हणायची सोय नाही. सहावीतच पार्श्वभूमी तयार. तुम्हालासुद्धा सातवीपर्यंत थांबावं लागलं होतं!"

टिटवी पायाच्या अंगठ्याने फरशी उकरत होती. झोपेतही न मिटणारं ते तोंड मिटलेलं होतं. मग तिने वर पाहिलं.

"बाई, तुम्ही नापास झालात तेव्हा घरी गेल्यावर काय केलंत? मला काय करायचं तेच कळत नाहीये."

मिशा, पाठ, आकडे, सगळं बाईंच्या डोळ्यांपुढून गेलं आणि त्यातलं काहीएक या पोरीच्या हातावर ठेवण्याजोगं नव्हतं.

"तुम्ही जरा खिडकीपाशी उद्योगजगताशी संवाद साधा," त्या आईला म्हणाल्या. जमलेल्या पालकांनाही त्यांनी तिकडेच लावून दिलं. टिटवीला स्वयंपाकघरात नेऊन ओट्याजवळच्या स्टुलावर बसवलं, मटारचं ताट दोघींच्या मध्ये ठेवलं आणि वही उघडली.

"कर."

चुकलं.

"परत कर."

पुन्हा चुकलं. बाहेर यजमान पालकांना नटबोल्टांमधला फरक समजावून सांगत होते. दिवेलागणीपर्यंत निम्मं पान खोडून झालं होतं आणि मग अचानक टिटवी स्टुलावरून उडालीच. "बाई! आलं! हे खालचे सारखे केले की वरचे आपोआप बेरजेला येतात!"

"पुढचं कर," बाई म्हणाल्या आणि त्यांनी पदराने डोळे पुसले. (मटारने तसं होत नाही.)

त्याच रविवारी समितीचा परिचय मेळावा होता; उत्तम परिचयाला बक्षीस होतं. सभागृह गच्च भरलं होतं. इतिहासाचे सर बोलून बसले तेव्हा आजोबांचं लग्न नुकतंच ठरलं होतं. मग बाईंचं नाव पुकारलं गेलं. नणंद पहिल्या रांगेत होती. भाषण तिनेच लिहून दिलं होतं. बाईंनी त्याची घडी घालून कमरेला खोचली.

"मी कधीच नापास झालेले नाही," त्या म्हणाल्या. "मला शंभर होते. गुरुजींना मिशा नव्हत्या. मटार मी संध्याकाळच्या भाजीसाठी सोलते. गणित चुकलं की परत करायला लावते, याशिवाय मला काही येत नाही. तुम्हाला गोष्टी सांगत बसले आणि टिटवी नापास झाली. चूक माझी आहे."

नणंदेने डोळे गच्च मिटून घेतले. बाईंनाही सतरंजी गुंडाळून ठेवावी लागणार असंच वाटत होतं, आणि गंमत म्हणजे त्यांना हलकं वाटत होतं.

विमासाहेब सावकाश उठले.

"म्हणजे बाई खरेपणात नापास झाल्या होत्या," ते म्हणाले, "आणि आज आपल्या डोळ्यांदेखत पास झाल्या! याहून मोठी पार्श्वभूमी कुणाची असेल, तर त्याने हात वर करावा."

टाळ्यांचा कडकडाट झाला. पहिलं बक्षीस बाईंना मिळालं. आठवडाभरात कबुलीची अशी लाट आली की विज्ञानाच्या सरांनी आपल्याला लोहचुंबक कधीच कळलं नसल्याचं जाहीर केलं आणि इतिहासाच्या सरांनी ते पणजोबा आपले नव्हतेच हे मान्य केलं. त्यांच्याकडे आता प्रतीक्षायादी आहे.

बाईंच्या दारात सोमवारी रांग लागली ती पार फाटकापर्यंत. बाईंनी डोकं धरलं. खरं बोलून काही उपयोग होत नाही म्हटल्यावर माणसाने करायचं काय? मग त्यांनी दारात खुर्ची टाकली आणि प्रत्येक मुलाला आत सोडून पालकाला तेवढं थांबवलं.

"एकच विचारते," त्या म्हणाल्या. "तुमचं मूल सध्या कोणत्या धड्यावर आहे?"

पहिल्या गृहस्थांनी वर छताकडे पाहिलं. दुसऱ्यांनी बायकोला फोन लावला. तिला वाटत होतं की त्यांना माहीत असेल. एका आईने "हिरव्या रंगाचं पुस्तक आहे" इथपर्यंत मजल मारली. नातवाला घेऊन आलेले विमासाहेब चिडले. "हा प्रश्न पालकांच्या कक्षेत येत नाही!" असं म्हणून त्यांनी नियमावली काढली. नियमावली कोणत्या पानावर उघडायची ते त्यांना आठवत होतं.

बाईंनी वाद घातला नाही. उत्तर येईल त्याने आत यावं, बाकीच्यांनी जिन्यात बसावं, एवढं सांगून त्या शिकवायला गेल्या. आत मुलं गणितं करताहेत. पालक अजून जिन्यातच आहेत. कुणी कुणाची वही मागून घेतं, कुणी हळूच शेजाऱ्याला विचारतं, आणि एकंदरीत त्यांची प्रगती समाधानकारक नाही.

इथवर हसत आलेल्या वाचकांसाठी त्या जिन्यात थोडी जागा राखून ठेवली आहे. आपलं मूल कोणत्या धड्यावर आहे, ते पुस्तक न उघडता आणि पलीकडच्या खोलीत हाक न मारता सांगायचं आहे. घरात शिकणारं मूल नसेल, तर आपण स्वतः शेवटचा धडा कोणता शिकलो होतो, ते सांगितलं तरी चालेल.