नादाराच्या घरी तीन कूलर

"मनोहरराव, आजपासून या पृथ्वीतलावर अशी एकही ताकद नाही, जी तुमच्या घरातल्या चमच्याला हात लावू शकेल," वकील मधुकरसाहेब खुर्चीतून उठून म्हणाले. कायदा आणि आकाश या दोन्हींकडे एकाच बोटानं दाखवण्याची कला त्यांना साधली होती. मग त्यांनी आवाज खाली आणला आणि मनोहरला मागच्या दारानं जायला सांगितलं, कारण पुढच्या दारात झेरॉक्सवाला उधारी मागायला उभा होता.

मनोहर सौंसरात नळाच्या पाण्याचे व्हॉल्व्ह फिरवायच्या कामावर होता. पगार ठेकेदार देई, आणि तोही ठेकेदाराला आठवण झाली तर. मुलगी मोनाली नागपूरला नर्सिंग शिकायला गेली तेव्हा फीसाठी पहिलं कर्ज काढलं. पहिल्याचा हप्ता भरायला मोबाइलवरून दुसरं, दुसऱ्यासाठी तिसरं. असं वर्षभर व्यवस्थित चाललं. यंदा मात्र नवं कर्ज देणारे सगळे एकदम शहाणे झाले, आणि जुनं मागणारे होते तसेच राहिले. अख्ख्या गल्लीचं हेच झालं. कोपऱ्यावरचा मोतीराम तर मार्चमध्ये कुलूप लावून निघून गेला आणि मोबाइल घरातच विसरला. तीन दिवस बंद घरात रिंग वाजत होती. चौथ्या दिवशी बॅटरी संपली तेव्हा गल्लीला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची थोडी लाजही वाटली.

मनोहरही गेला असता. पण कर्जाच्या फॉर्मवर ओळखीच्या माणसाचा नंबर मागितला होता, आणि त्यानं मोठ्या विश्वासानं मोनालीच्या होस्टेलच्या वॉर्डनबाईंचा दिला होता. वसुलीवाले आता तिथं फोन करत. मोनालीला दोनदा भर वर्गातून उठवलं होतं. तिसरा फोन आला तर खोली सोडावी लागेल, असं बाईंनी स्वच्छ सांगितलं होतं. म्हणून हा नादारीचा, म्हणजे कर्ज फेडायची ऐपत नसल्याचा, अर्ज. कोर्टाचे अमीन घरी येऊन पाहणार, घरात काही नाही असं लिहून देणार, मग कोर्टाचं संरक्षण पक्कं आणि फोन बंद. घरात काही नसणं ही मनोहरच्या दृष्टीनं सर्वांत सोपी गोष्ट होती.

कोर्टाच्या तात्पुरत्या आदेशाची प्रत त्यानं दाराला चिकटवली. दुसऱ्या दिवशी वसुलीचा प्रतीक आला. लोधीखेड्याचा सभ्य मुलगा. आधी नमस्कार करायचा, मग धमकी द्यायचा. त्यानं आदेश दोनदा वाचला, ऑफिसला फोन लावला, आणि पायरीवर ठेवलेला पाय उचलून मागे घेतला.

हे सगळ्या गल्लीनं पाहिलं.

संध्याकाळी शेजारच्या प्रेमलताबाई कूलर ढकलत आल्या आणि मनोहरच्या बायकोला म्हणाल्या, "चंद्रकलाबाई, दोनच दिवस ठेवू द्या. तो पोट्टा परवा आमच्याकडे येऊन राहिला. तुमच्या घरात त्याले घुसता येत नाई."

"अवो, पण आमच्याकडे कोर्टाचा माणूस येनार हाय."

"कोर्टाच्या माणसाले काय करायचं हाय कूलरचं? त्यायच्याकडे एसी असते."

नाही म्हणावं तर बचतगटाचे दोन हप्ते चंद्रकलाच्या वतीनं याच बाईंनी भरले होते. कूलर आत आला. मग ऑटोवाल्या विनोदचा फ्रिज आला. मग दीपालीचा टीव्ही आणि शिलाई मशीन. मग कोणाकोणाचे आणखी दोन कूलर, दोन टीव्ही, आणि एक मोटरसायकल, जी स्वयंपाकघरातच मावली. चंद्रकला शिवणकाम करणारी, नेटकी बाई. अदलाबदल नको म्हणून तिनं प्रत्येक वस्तूला टाचणीनं, दोऱ्यानं नावाची चिठ्ठी लावली. नवराबायको अंगणात झोपू लागले, कारण घरात आता उभं राहायलाही सामानाची परवानगी लागत होती.

अमीन केशवराव ठरल्यापेक्षा दोन दिवस आधीच आले. हातात कागदांचं पॅड आणि खांद्याला जड कापडी पिशवी. त्यांच्या मागोमाग प्रतीकही गल्लीत शिरला आणि एकेका घरात डोकावू लागला. सगळी घरं धुतल्यासारखी रिकामी होती. शेवटी तो मनोहरच्या दाराशी येऊन उभा राहिला. आत पाय टाकला नाही, मान मात्र टाकली.

चंद्रकलानं चिठ्ठ्या ओढून पदरात घातल्या. केशवरावांनी पिशवी जपून खाली ठेवली, चष्मा पुसला आणि दारापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "हे सगळं सामान कोणाचं हाय?"

मनोहरनं खिडकीबाहेर पाहिलं. प्रेमलताबाई, विनोद, दीपाली कुंपणाला टेकून उभे होते. खरं बोललं तर प्रतीक आत्ताच टेम्पो बोलावणार. खोटं बोललं तर अर्ज गेला, आणि होस्टेलचा फोन पुन्हा वाजणार. मोनालीचा चेहरा त्याच्या डोळ्यांसमोर आला. मग त्याला मोतीरामच्या घरातली रिंग ऐकू आली.

"माहंच हाय जी," तो म्हणाला.

"तीन कूलर?"

"लय उकडते."

"अन् टीव्ही तीन?"

"एक मी पायतो, एक ही पायते."

"तिसरा?"

"पावण्यायसाठी."

"मोटरसायकल स्वयंपाकघरात कायले?"

"पेट्रोल परवडत नाई. उगाच भायेर ठेवली का जावंसं वाटते."

केशवराव फ्रिजपाशी थांबले. मागच्या बाजूला एक चिठ्ठी राहून गेली होती. "हा विनोद कोन?"

चंद्रकला पुढे झाली. "फ्रिजचंच नाव हाय जी."

"फ्रिजले नाव?"

"पोरगा नाई आमाले," चंद्रकला म्हणाली. कुंपणापाशी विनोदनं मान खाली घातली.

केशवरावांनी पेन पॅडवर टेकवलं. "मनोहरराव, हे असं लिवलं तर तुमचा अर्ज उद्याच खारीज होते. मालूम हाय ना?"

"हाय जी."

"पोरगी शिकून राहिली म्हनते तुमची."

"हो जी. लिवा तुमी."

प्रतीकनं हे ऐकलं, वहीत गल्लीतल्या सगळ्या घरांपुढे 'जप्त करण्याजोगे काही नाही' असं लिहिलं, जाताना नमस्कार केला आणि मोटरसायकलला किक मारली. त्याच्याही गाडीचे दोन हप्ते थकले होते, हे विनोदला ठाऊक होतं.

गाडीचा आवाज बसस्टँडकडे विरेपर्यंत केशवराव लिहीत राहिले. मग पॅड मनोहरपुढे धरलं. त्यावर इतकंच होतं: छताचा पंखा एक, बंद. माठ एक. शिलाई मशीन एक, उपजीविकेचं. बाकी काही नाही.

मनोहरनं दोनदा वाचलं. "साहेब, अन् हे सगळं?"

"माह्या चष्म्याचा नंबर बदलला हाय," केशवराव म्हणाले. "नवा कराले पैसे नाई." त्यांनी सही घेतली. चंद्रकलानं तोंडाला पदर लावला. मनोहर पाया पडायला वाकला, पण मधे कूलर होता.

केशवराव मात्र जागचे हलले नाहीत. दाराकडे एकदा पाहून घेतलं आणि खाली बसून ती जड पिशवी उघडली. आत कागद नव्हते. तीन भांड्यांसकट एक मिक्सर होता.

"तुमच्या घराचं नाव आयकलं होतं कोर्टात," ते हळूच म्हणाले. "आमच्याकडे वसुलीवाले गुरुवारी येतेत. तेवढ्यापुरता ठेवता का? वापरला तरी चालन. फकत ओली चटनी नका वाटू, वहिनी. झाकन गळते."