दहापैकी दोन

"पंधरा मिनिटांत आटपतं बघ!" कांचनने नवऱ्याला छातीठोकपणे सांगितलं. ऑफिसात चाळीस माणसं सांभाळणाऱ्या बाईला वडिलांच्या पायाचा एक अंगठा काय जड!

तो अंगठा मात्र अकरा वर्षं कुणाला जुमानत नव्हता. गाऊट आहे, युरिक अॅसिड वाढलंय, हे कराडच्या डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं. आप्पांनी त्याला 'लचक' म्हणायचं ठरवलं आणि दुखलं की एक गोळी गिळून गप्प बसायला लागले. आता अमेरिकेत मॉरिसव्हिलला लेकीकडे आले, तर पायाचा भोपळा झालेला! तीन आठवड्यांनी ते परत जाणार होते, आणि तिथे गेले की डॉक्टरकडे फिरकणार नाहीत, हे कांचनला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तिने हातापाया पडून क्लिनिकमध्ये आजची वेळ मिळवली.

निघताना आप्पांनी इस्त्रीचा शर्ट चढवला आणि तो पाय बुटात कोंबला.

"आप्पा, चपला घाला ना!"

"डॉक्टरकडे चपला? काही पद्धत आहे की नाही?"

क्लिनिकमध्ये नर्सने पहिलाच प्रश्न टाकला, "दुखणं दहापैकी किती?"

आप्पांनी चष्मा सावरला, बराच विचार केला. "दोन."

"अरे वा! मग आजची वेळ दुसऱ्या पेशंटला देते. तुम्ही सहा आठवड्यांनी या!"

कांचन मध्येच पडली. "आप्पा! सकाळी कळवळत होतात ना?"

"म्हणून काय झालं? मार्क काय वाटायचे असतात?"

आत्ता कुठे तिच्या डोक्यात प्रकाश पडला. आप्पांनी चौतीस वर्षं गणित शिकवलं होतं, आणि पेपर तपासताना त्यांचा हात भलताच आखडायचा. तो वर्गच तिच्या डोळ्यांपुढे उभा राहिला. शाई सांडलेले बाक, पत्र्यावर उड्या मारणारी माकडं आणि लाल पेन घेऊन बसलेले आप्पा. दहापैकी पाच मिळाले तर पोरं घरी पेढे मागायची! त्या दिवसांची तिला इतकी आठवण आली, की भांडायचंच राहिलं.

नर्स वेळ कॅन्सल करणार, तेवढ्यात कांचन ओरडली, "आप्पा, आजवर सगळ्यात जास्त किती दिलेत?"

"सात. तुला. आठवीच्या भूमितीला."

"मग हा पाय माझ्या वर की खाली?"

आप्पांनी बुटातल्या बुटात अंगठा हलवून पाहिला. "आई गं! थोडा खाली. साडेसहा."

"साडेसहा लिहा!" कांचन नर्सवर जवळजवळ तुटून पडली. "यांच्या हिशोबात हे मरणाचं दुखणं आहे!"

वेळ वाचली. बूट काढायला कांचन, नर्स आणि डॉक्टरीणबाई अशा तिघी लागल्या. अंगठा बघून बाईंनी कपाळाला हात लावला. रक्त घेतलं, सूज उतरवायच्या गोळ्या दिल्या, युरिक अॅसिडची रोजची गोळीही सुरू करायचं ठरलं. आप्पा चक्क "घेईन" म्हणाले!

गाडीत कांचनने विचारलं, "आप्पा, ते सात खरेच होते ना? मुलगी म्हणून दिले नव्हते ना?"



"खरं सांगू? साडेसहाच होते. तुझं तोंड एवढंसं झालेलं, म्हणून अर्धा वाढवला."

"म्हणजे मी आणि तुमचा पाय सारखेच?"

"मग! दोघांनी सारखंच छळलंय मला!"