जबड्यातला साळा

आमचा साळा रामकिसन घरी आला, की चपला काढायच्या आधी खिशातून डोळ्यांत औषध टाकायची बाटली काढतो. तिच्यात साधं पाणी असतं. ओट्यावर, सोफ्याच्या रेक्झिनवर, माझ्या शाळेच्या बॅगेवर, सुचेल तिथे एक थेंब टाकतो आणि गुडघे टेकून त्याच्याकडे बाजूनं बघत बसतो. थेंब मण्यासारखा उभा राहिला तर म्हणतो, "बसला. याले पान्याची नफरत हाये." पसरला तर खूश. "झाली दोस्ती."

एकदा दुपारी मी डुलकी घेत असताना त्यानं माझ्या टकलावर थेंब टाकला. जाग आली तेव्हा तो माझ्या बायकोला, म्हणजे त्याच्या मोठ्या बहिणीला, समजावून सांगत होता, "बसला बाई. इथं काहीच रुजनार नाई." हे मला आधीच माहीत होतं. दहा वर्षं मी तिथं निरनिराळी तेलं चोळतच होतो.

रामकिसन नागपूरच्या एका प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. काय काम करता, असं कोणी विचारलं की तो म्हणतो, "भोकं माणसाळवतो." यानंतर आमच्या केनवड गावातली माणसं सोयाबीनवर बोलायला लागतात.

पण ते खरं आहे. शरीरातलं हाड कुठे कमी पडलं, तर त्या जागी पॉलिमरचा जाळीदार तुकडा बसवतात. पावासारखा, आरपार भोकाभोकाचा. त्या भोकांत शरीराच्या पेशी शिरतात, घर करतात, हाड धरतं आणि तुकडा सावकाश विरून जातो. मात्र पॉलिमर मुळात माणूसघाणा. पाण्याला जवळ येऊ देत नाही, पेशींना धरून ठेवत नाही. मग रामकिसन तो तुकडा एका पेटीत ठेवतो, पंपानं आतली हवा ओढतो, थोडा वायू सोडतो, वीज लावतो. पेटीत जांभळट उजेड पडतो. त्याला प्लाझ्मा म्हणायचं. त्या उजेडात तुकड्याचा अगदी वरचा, केसाहूनही कितीतरी पातळ थर बदलतो आणि पाण्याशी दोस्ती करतो. "वरून तं कोनीबी करते भाऊजी," रामकिसन सांगतो, "आतल्या भोकापावतर पोचलं पाह्यजे." शिवाय ही दोस्ती टिकत नाही. थोडे दिवस गेले की तुकडा पुन्हा रुसायला लागतो. म्हणून तो लवकर वापरावा लागतो.

रामकिसनचं लग्न राहिलं ते या थेंबांपायीच. कारंज्याला मुलगी पाहायला गेलो होतो. पोह्यांबरोबर नव्या पद्धतीची, न चिकटणारी बशी आली. यानं पोहे माझ्या बशीत ओतले, आपल्या बशीवर थेंब टाकला आणि मुलीच्या वडिलांना खाली वाकून बघायला लावलं. ते भले गृहस्थ वाकले. तेवढ्यात मुलगी येऊन गेली. यानं तिला पाहिलंच नाही.

मी या सगळ्याला हसत असे. मग माझ्या खालच्या जबड्यात, डाव्या बाजूला गाठ निघाली. मी रिसोडच्या शाळेत इतिहास शिकवतो, म्हणजे जबड्यावरच जगतो. संभाजीनगरच्या डॉक्टरांनी सांगितलं, गाठ साधी आहे, पण ती काढली की हाडात पोकळी उरेल, आणि पोकळ जबडा भाकरीच्या घासानंही मोडू शकतो. पोकळी भरायला असा तुकडा, अजून चाचणी चालू आहे या अटीवर, वापरता येईल. मी सात-आठ ठिकाणी सह्या केल्या. तुकडा रामकिसनच्याच पेटीतून येणार होता.

ऑपरेशनच्या दोन दिवस आधी तो तुकड्याचं निर्जंतुक, सीलबंद पाकीट घेऊन नागपूरहून एसटीनं निघाला, वाटेत आमच्याकडे उतरला आणि आंघोळीला गेला. तेवढ्या वेळात सुमननं, माझ्या बायकोनं, त्याच्या बॅगेतून पाकीट काढलं, कात्रीनं उघडलं, तुकडा देवासमोर पाटावर ठेवला आणि त्याला हळदकुंकू वाहिलं. मी समोरच होतो. मी काय केलं? हात जोडले.

रामकिसन खांद्यावर टॉवेल टाकून बाहेर आला आणि पाटापाशीच थांबला.

"घरात बैल आनला तरी कुंकू लावून आत घेतो आपन," सुमन कौतुकानं म्हणाली. "हे तं यायच्या, तुह्या भाऊजीच्या, तोंडात जानार."

मग तिला भावाचा चेहरा दिसला. पाकीट उघडलं म्हणजे तुकडा गेला, एवढं आम्हा दोघांनाही उशिरा का होईना उमगलं. माझा जबडा मला एकदम जड वाटायला लागला. सुमन पाटाच्या कडेला बसली ती उठेचना.

रामकिसननं खाली वाकून तुकडा पाहिला. "हयद जराशी जास्त झाली बाई," एवढंच म्हणाला आणि फोन घेऊन ओसरीवर गेला. आम्हाला ऐकू येत होतं. "पाकीट माझ्या हातून फाटलं सर... नाई, घरच्या कोनाचा हात नाई लागला. मीच." पलीकडचा माणूस बराच वेळ बोलत होता. रामकिसन मधून मधून "हौ सर" म्हणत होता. पुढे त्याला लेखी ताकीद मिळाली. त्याबद्दल तो अजूनही बोलत नाही.

त्याच मापाचा जादा तुकडा नागपूरला होता, पेटीतली प्रक्रिया तेवढी राहिली होती. तो न जेवताच परतीच्या गाडीत बसला. सुमननं खिडकीतून दोन पोळ्या दिल्या, त्याच त्यानं बहुधा खाल्ल्या. ऑपरेशनच्या सकाळी तो संभाजीनगरच्या दवाखान्यात पाकीट छातीशी धरून उभा होता. अंगात तोच शर्ट. डॉक्टरांनाही त्यानं तेच सांगितलं, माझ्या हातून फाटलं.

तुकडा जबड्यात नीट बसला. मी शाळेत परतलो त्या दिवसापासून रोज दुपारी सव्वा वाजता, मधल्या सुट्टीत, त्याचा फोन यायला लागला. काय खाल्लं? वरणभात. कोन्या बाजूनं? उजव्या. मग मी फोन टेबलावर ठेवून जेवायचो आणि तो ऐकत राहायचा. शिक्षकखोलीत सगळे हसायचे. मला वाटायचं, आपल्या तुकड्याची चौकशी करून राहिला.

सहा महिन्यांनी एक्सरे काढला. पोकळीच्या जागी पांढुरकं हाड दिसत होतं. आता काहीही खा, डॉक्टर म्हणाले. रामकिसन मुद्दाम आला होता. एक्सरे उजेडाकडे धरून त्यानं इतका वेळ पाहिला, की पुढचा पेशंट आत येऊन बसला.

दुसऱ्या दिवशी सव्वा वाजता पुन्हा फोन.

"आज काय हाये डब्यात?"

"भाकर अन् भाजी."

"चावली?"

आता सगळं ठीक आहे, फोनची तसदी कशाला, हे माझ्या ओठांवर आलं होतं. तेवढ्यात पलीकडे स्टीलच्या डब्याचं झाकण निघालं. मग चमचा वाजला. माणसाचा आवाज एकही नव्हता. इतके महिने हा माणूस रोज माझ्याबरोबर जेवत होता, आणि मी फक्त माझा जबडा सांभाळत होतो.

"डाव्या बाजूनं अजून जरा जपूनच चावतो," मी म्हणालो.

एक्सरे त्यानं माझ्याहून नीट पाहिलेला होता.

"हौ ना," तो म्हणाला. "मंग उद्या करतो फोन."