काहीही न करणाऱ्याचा पाठलाग

"तीन महिने काहीही करायचं नाही, आणि त्याचे पैसे मिळणार?" मुकुंदरावांनी कॉफीचा पितळी डवरा खाली ठेवला. "आणि ते देणार कोण?"

"चेन्नईचा एक ट्रस्ट आहे, सार," वरच्या मजल्याचे नवे भाडेकरू नम्रपणे म्हणाले.

मुकुंदराव डोळ्याच्या ऑपरेशनसाठी तंजावरला मुलीकडे गेले होते, तेवढ्यात त्यांच्या पत्नी भवानीबाईंनी वरची खोली भाड्याने देऊन टाकली होती. माणूस एकटा, शाकाहारी आणि हळू बोलणारा. बाईंनी सगळं विचारलं होतं, फक्त धंदा विचारायचा राहिला. तो आता मुकुंदरावांनी विचारला तेव्हा कळलं, की हे तिरुनेलवेलीकडच्या एका चर्चचे पास्टर आहेत, नाव जेबराज. कुंभकोणमात ते एवढ्यासाठीच आले होते, की इथे त्यांना कोणी ओळखत नाही.

"बावीस वर्षं एकही सुट्टी घेतली नाही, सार. मागच्या वर्षी एका लग्नात मी चुकून अंत्यविधीची प्रार्थना सुरू केली. नवरीचे वडील रडायला लागले तेव्हा माझ्या लक्षात आलं. मग आमच्या चर्चच्या मंडळींनीच ट्रस्टकडे अर्ज केला." पास्टर ओशाळून हसले. "अटी कडक आहेत. प्रवचन करायचं नाही. कोणासाठी प्रार्थना करायची नाही. कोणाचं दुःख ऐकायचं नाही. एवढंसुद्धा केलं, तर रजा रद्द. माझी रद्द आणि चर्चची मदतही रद्द."

"चर्चला कसली मदत?"

"माझ्यावाचून चालवायला शिकावं म्हणून."

मुकुंदरावांनी हिशेब जुळवून पाहिला. "म्हणजे तुम्ही काम करत नाही म्हणून तुम्हाला पैसे, आणि तुम्ही काम करत नाही म्हणून त्यांनाही पैसे!"

"अगदी बरोबर," पास्टर म्हणाले. इतक्या लवकर कोणाला समजलं नव्हतं.

आता कुंभकोणमच्या मराठी घरांची एक जुनी सवय आहे. बाहेर तमिळ, घरात मराठी. आणि घरात बाहेरचा माणूस बसला असेल, तर त्याच्याविषयी त्याच्या तोंडावर मराठी. भिंतीआड जायची गरजच पडत नाही. साडी महाग सांगणारा दुकानदार असो की मुलगी पाहायला आलेल्यांचा ड्रायव्हर असो, अडीच-तीनशे वर्षं ही भाषेची भिंत चांगली उपयोगी पडली आहे. मुकुंदरावांनी पास्टरांकडे हसून पाहिलं आणि भवानीबाईंना म्हटलं, "हा मनुष्य खोटें बोलतो. चुम्मा, काहीं न करतां, बसायला कोण पैका देतो गे? काय तरी भानगड करून पळून आला असेल. तोंड बघ कीं कसें साधें ठेवलें आहे."

"तोंड साधें आहे तर साधेंच असेल," भवानीबाई म्हणाल्या. "कॉफी निवते. प्या पहिले."

पास्टरांना शब्द एक कळला नाही. पण भाषा बदलली हे कळलं, आणि दोघांची नजर आपल्यावर आहे हेही कळलं. त्यांच्या मनात पाल चुकचुकली. ट्रस्टच्या सुगंती अम्मांनी निघताना बजावलं होतं, 'आम्ही केव्हाही, कोणाकडूनही तपासून घेऊ.' पास्टर उरलेली कॉफी एका घोटात पिऊन वर गेले.

मुकुंदरावांनी हे प्रकरण एरवी सोडून दिलं असतं. पण संध्याकाळी कृष्णमूर्ति आले. हे विठ्ठल भजन मंडळीचे सेक्रेटरी. दर एकादशीचं भजन मुकुंदरावांच्या दिवाणखान्यात व्हायचं, आणि हातात चिपळ्या घेऊन पुढे उभे राहायचे ते मुकुंदराव. वडिलांनंतर ते एकही एकादशी चुकले नव्हते. त्यांच्या आयुष्यात एवढी एकच गोष्ट होती जी त्यांना कोणाला विचारून करावी लागत नसे.

"वर पाद्री ठेवलांत म्हणे," कृष्णमूर्ति बसायच्या आधीच म्हणाले. "अस्की मंडळी, लहानथोर, मला विचारते. खाली आमचें भजन, वर तो काय करतो? कान देतो कीं काय?"

"तो काहींच करत नाहीं. तीच तर पंचाईत."

"एकादशीपर्यंत तपास करा, मुकुंदराव. नाहीं तर यावेळेस भजन गिरीशकडे करूं. त्याचा हॉलही नवा आहे."

गिरीश हा मुकुंदरावांच्या बहिणीचा मुलगा. त्याच्या हॉलमध्ये एसी होता, आणि त्याच्या गळ्यात वरचा सा होता. यातल्या दुसऱ्या गोष्टीने मुकुंदरावांची झोप उडालेली होती. त्यांनी त्याच क्षणी ठरवलं, की या पाद्र्याचं बिंग फोडल्याशिवाय राहायचं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पास्टर बाहेर पडले. मागोमाग पिशवी घेऊन मुकुंदराव निघाले. पास्टर कावेरीच्या घाटावर जाऊन बसले. मुकुंदराव वरच्या पायरीवर पेपर उघडून बसले. पास्टर पाण्याकडे पाहत राहिले. मुकुंदराव पास्टरांकडे पाहत राहिले. मग पास्टरांनी सहज मागे वळून पाहिलं, आणि पेपर चटकन वर गेला. तो उलटा होता.

'ठरलं,' पास्टरांच्या मनात आलं. 'ट्रस्टचा माणूस हाच. खोली यानेच मुद्दाम देववली असणार.'

आणि तिथून घोटाळ्याने वेग घेतला. आपल्यावर पहारा आहे हे कळल्यावर पास्टर साधे बसून राहीनात. ते दिसेल अशी विश्रांती घ्यायला लागले. मोठ्याने जांभया देत. पायरीवर आडवे होत. डोळे मिटत, आणि थोड्या वेळाने एक डोळा उघडून मुकुंदराव बघताहेत ना याची खात्री करून घेत. झोपलेला माणूस एक डोळा उघडून बघतो, यापेक्षा आणखी काय पुरावा हवा होता?

घाटावर वेत्तिलै, म्हणजे विड्याची पानं, विकणारी एक म्हातारी होती. पास्टरांचा चेहराच असा, की बघितल्यावर माणसाला आपली सून आठवावी. पानांची जुडी बांधता बांधता तिने सुरुवात केली, "अहो, माझी सून काय करते माहितीये..." पास्टर ताडकन उठले, दोन्ही कानांवर हात ठेवले आणि जी धूम ठोकली ती सरळ बाजारापर्यंत. पानं तिथेच राहिली.

"म्हातारीस पाहून पळाला!" मुकुंदरावांनी घरी येऊन सांगितलं. "काय तरी केल्यावांचून मनुष्य असा पळेल?"

"तुम्हीं कांदे आणायला गेला होतांत," भवानीबाई म्हणाल्या. "कांदे कुठें आहेत?"

असे बरेच दिवस गेले. पास्टर पापनाशम्‌ला गेले की मुकुंदराव पापनाशम्‌ला. पास्टर तिरुविडैमरुदूरला रेल्वे बघत बसले की मुकुंदराव समोरच्या फलाटावर. एकदा जिन्यात गाठ पडली तेव्हा पास्टरांनी धीर करून विचारलं, "सार, मी काही केलं नाही, हे तुम्ही बघितलंत ना?"

"मी सगळं बघतोय," मुकुंदराव डोळे बारीक करून म्हणाले.

पास्टरांचं तोंड उतरलं. त्या दिवसापासून ते भवानीबाईंनी वाढलेलं पान अर्धं टाकून उठायला लागले. भवानीबाईंनी नवऱ्याशी बोलणं बंद केलं.

एकादशीच्या आदल्या दुपारी पास्टर बसने तिरुनीलक्कुडीला गेले. शेताच्या कडेला कडुलिंबाखाली ते एक डोळा मिटून पडले, आणि थोडं दूर बांधावर मुकुंदराव उन्हात बसले. परतीची बस आलीच नाही. स्टॉपच्या पत्र्याखाली दोघेच. मुकुंदरावांना भोवळ आली. पास्टरांनी पुढे होऊन त्यांना बाकावर बसवलं, पाणी पाजलं, तिरपं ऊन लागू नये म्हणून आपली छत्री धरली. आता चेहरा जवळून समोर होता, आणि या चेहऱ्यापुढे म्हाताऱ्या पानवाल्या टिकल्या नव्हत्या, तर मुकुंदराव कसे टिकणार?

"माझा गळा गेला हो," ते एकदम म्हणाले.

"सार, नको!" पास्टर घाबरले. "सांगू नका! मला ऐकता येत नाही!"

"वरचा सा लागतच नाही. मी तिथे खोकतो. सगळ्यांना वाटतं भक्तीने कंठ दाटला..."

"सार, पाया पडतो!" एका हातात छत्री असल्यामुळे पास्टरांना एकच कान झाकता येत होता.

"...आणि गिरीश मागून हळूच तो सूर लावतो. माझी अब्रू राखायला. ते मला सहन होत नाही. उद्या हा गायला लागला, तर मी त्या घरात कोण? वडिलांच्या चिपळ्यांना धूळ चढेल." मुकुंदरावांचे डोळे भरून आले. ऑपरेशन झालेल्या डोळ्यातूनही पाणी आलं.

पास्टरांनी कानावरचा हात काढला. मग म्हणाले, "मलाही तीच भीती आहे, सार. अर्ज मंडळींनी केला. मी दमलो म्हणून केला, का मी नको झालो म्हणून, हे मला माहीत नाही. दर रविवारी वाटतं, आज माझ्यावाचून काहीतरी बिघडू दे." आणि छत्री काखेत धरून, हात जोडून म्हणाले, "एवढं मात्र ट्रस्टला कळवू नका."

"कुठल्या ट्रस्टला? मी कसा कळवणार?"

"तुम्ही तपासायला नेमलेले नाही?"

"मी?" मुकुंदरावांना संताप आला. "मी तुम्हाला चोर समजत होतो!"

"देवा, तुझे आभार," पास्टर म्हणाले आणि जीभ चावली, कारण ही प्रार्थना झाली.

एकादशीला मंडळी जमली. मुकुंदरावांनी चिपळ्या हातात घेतल्या, कृष्णमूर्तींना "मनुष्य सज्जन आहे, तपास झाला" असं सांगितलं, आणि एवढ्यात दारात रिक्षा थांबली. तीतून सुगंती अम्मा उतरल्या. खऱ्या तपासनीस.

"पास्टर जेबराज इथेच राहतात ना? त्यांची रजा कशी चाललीय, शेजाऱ्यांना विचारायचं होतं."

"मुकुंदरावांना विचारा," कृष्णमूर्ति उत्साहाने तमिळमध्ये म्हणाले. "ते रोज त्यांच्या मागे असतात. एक पाऊल सुटलेलं नाही."

असा साक्षीदार ट्रस्टला कधी मिळाला नव्हता. सुगंती अम्मांनी खुर्ची ओढून घेतली. पास्टर जिन्याच्या खालच्या पायरीवर येऊन उभे राहिले आणि आपल्या चपलांकडे पाहू लागले.

"यांनी कुठे प्रवचन केलं?"

"नाही."

"कोणासाठी प्रार्थना?"

"कोणासाठी नाही," मुकुंदराव म्हणाले. बसस्टॉपवरची ती स्वतःसाठी होती, तेव्हा हे खरंच होतं.

"कोणाचं दुःख ऐकलं?"

मुकुंदरावांच्या हातातल्या चिपळ्या वाजल्या. एकादशीचा दिवस, समोर विठ्ठलाची तसबीर. खोटं बोलवेना, आणि खरं बोलावं तर त्या बिचाऱ्याची रजा आपल्यामुळे बुडते. अडचणीत सापडल्यावर त्यांनी जन्मभर जे केलं होतं तेच केलं. ते भवानीबाईंकडे वळले आणि शिताफीने भाषा बदलली.

"काय सांगूं गे हिला? काल म्यांच त्याजपुढें रडलों! माझा गळा गेला, वरचा सूर लागत नाहीं, मी खोकून वेळ मारतों, गिरीश गायला लागला तर मला कोण विचारतो, अस्कें अस्कें सांगितलों! आतां खरें सांगूं कीं खोटें?"

सुगंती अम्मांना यातलं अक्षर कळलं नाही. पण खोली भजन मंडळींनी भरलेली होती, आणि त्यातल्या प्रत्येकाच्या घरी हीच भाषा होती. बोलून संपल्यावर तिथे इतकी शांतता पसरली, की मुकुंदरावांना आपण काय केलं ते मग कळलं. कुठे बघावं ते सुचेना. त्या क्षणी त्यांना भुईत गडप व्हावंसं वाटलं.

"काय म्हणताहेत हे?" सुगंती अम्मांनी विचारलं.

मग कृष्णमूर्ति खाकरले. "ते म्हणतात," त्यांनी तमिळमध्ये सांगितलं, "इथे कोणाला काही दुःखच नाही. ऐकणार काय?"

"नाहीच," मागून दोघेतिघे म्हणाले. "आम्ही सगळे मजेत आहोत."

सुगंती अम्मांनी समाधानाने मान हलवली, पास्टरांना आणखी विश्रांती घ्यायला सांगितली, कॉफी घेतली आणि त्या गेल्या. रिक्षाचा आवाज लांब गेला तरी कोणी चिपळ्यांकडे पाहत नव्हतं. शेवटी गिरीश पुढे आला.

"मामा," तो खाली बघत म्हणाला, "आजच्या दिवस तुम्हीं चुम्मा बसा. पुढल्या एकादशीस तुम्हींच. मी सुरू तेवढें करतों."

मुकुंदरावांनी चिपळ्या त्याच्या हातात दिल्या. द्यायला थोडा वेळ लागला. मग ते बाहेर दारापुढच्या ओट्यावर, तिण्णैवर, येऊन बसले. पास्टर आधीच तिथे होते.

आत भजन सुरू झालं. गिरीशचा वरचा सा लागला, स्वच्छ लागला, रस्त्यावरचा सायकलवाला थांबून ऐकू लागला. मुकुंदराव ताठ बसून एकेक शब्द तपासत होते.

"चांगलं गातो," पास्टर म्हणाले.

"तेच तर संशयास्पद आहे," मुकुंदराव म्हणाले.

तेवढ्यात त्यांनी मान वर केली. गिरीशने एक ओळ गाळली होती. सरळ पुढच्या ओळीवर उडी. मंडळींपैकी कोणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही. मुकुंदराव उठायला निघाले, तर पास्टरांनी त्यांच्या धोतराचं टोक धरलं. "रजा, सार!"

मुकुंदराव खाली बसले. "एक ओळ विसरला," ते कुजबुजले.

"बरं वाटलं?"

"फार," मुकुंदराव म्हणाले, आणि त्यांचा चेहरा कितीतरी दिवसांनी उजळला.

पास्टरांचा फोन वाजला. तिकडून चर्चचे कारभारी बोलत होते. रविवार छान पार पडला, लोक नेहमीपेक्षा जास्त होते, तुम्ही मुळीच काळजी करू नका. पास्टरांचा आवाज बारीक होत गेला. "काही चुकलं नाही ना?" त्यांनी विचारलं. मग कारभारी चाचरत म्हणाले, की तसं काही नाही, फक्त एका बारशाला चुकून अंत्यविधीची प्रार्थना सुरू झाली होती.

"असू दे, होतं असं," पास्टर प्रेमाने म्हणाले. त्यांनी फोन बंद केला, भिंतीला पाठ टेकली आणि डोळे मिटले. मुकुंदराव सवयीने बराच वेळ निरखून बघत राहिले. या वेळी दोन्ही डोळे मिटलेले होते.